महिन्याचं भाडं की एकरकमी खरेदी? डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा हिशोब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात डिझाइनचं दुकान, दोन कॉम्प्युटर, एका खुर्चीवर तुम्ही आणि दुसऱ्यावर ऑपरेटर. रोजचं काम म्हणजे लग्नपत्रिका, फ्लेक्स आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांचे टॅग नि बॉक्स लेबल. लग्नसराईत अल्बम आणि व्हिडिओ. आजवर कोरल ड्रॉ आणि फोटोशॉपच्या क्रॅक कॉपीवर निभावलं, पण आता एका निर्यातदार कारखान्याने सॉफ्टवेअरची बिलं मागितली आहेत. सगळं महिन्याच्या हप्त्यावर घ्यावं की कोरल एकदाच विकत घ्यावं, हे तुम्हाला ठरवायचं आहे.

तुम्ही दोन भाव समोर ठेवून विचारलंत. भाव महत्त्वाचा आहेच, पण मी सुरुवात दुसरीकडून करतो. एखाद्या महिन्यात पैसे भरले नाहीत, तर दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात काय चालू राहील? गेल्या वर्षीची पत्रिका उघडेल का? कारखान्याने त्याच लेबलवर फक्त वजन बदलून मागितलं, तर तासाभरात देता येईल का? ज्या सॉफ्टवेअरबद्दल याचं उत्तर ‘उघडलीच पाहिजे’ असं येईल, ते शक्यतो कायमच्या परवान्यावर घ्या. बाकीचं लागेल तेव्हा, लागेल तितके महिने भाड्याने. तुमच्याकडे कामाचं प्रमाण कसं आहे, प्रेस कोणती, कारखान्याला कोणती फाईल लागते, यावर तपशील बदलतील, म्हणून पुढे प्रत्येक ठिकाणी कारणही देतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. काही सॉफ्टवेअरमध्ये तुम्हाला निवडच नाही. फोटोशॉप बनवणाऱ्या अ‍ॅडोबीने २०१३मध्ये जाहीर केलं की पुढची व्हर्जन फक्त सबस्क्रिप्शनवर मिळतील. २०१२ साली आलेलं सीएस६ हे शेवटचं एकरकमी व्हर्जन, आणि त्याचीही विक्री २०१७च्या सुरुवातीला थांबली. ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कने २०१६मध्ये हाच रस्ता धरला. म्हणून ‘फोटोशॉप लाइफटाइम, पाचशे रुपयांत’ असा मेसेज आला तर तो परवाना नसतोच. बहुतेक वेळा कुठल्या तरी संस्थेच्या सामायिक खात्यात तुमचा ईमेल घातलेला असतो. त्या खात्याच्या अ‍ॅडमिनने नाव काढलं की सॉफ्टवेअर बंद, आणि क्लाउडवर ठेवलेल्या फाईलीही गेल्या. कारखान्याला दाखवायला बिल तर नसतंच.

क्रॅक कॉपीबद्दल तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, म्हणून तितकंच स्पष्ट सांगतो. कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ब म्हणतं की प्रोग्रॅमची प्रत बेकायदेशीर आहे हे माहीत असूनही ती कॉम्प्युटरवर वापरली, तर कमीत कमी सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. कारखान्याच्या मागणीमागे त्यांच्या परदेशी खरेदीदाराची तपासणी असू शकते. त्यामुळे टॅग-लेबलचं काम ज्या मशीनवर होतं, तिथून सुरुवात करा.

आता हिशोब. आकडे केवळ गणितासाठी धरतो, खरा भाव घेण्याच्या दिवशी पाहा. समजा कायमचा परवाना ४५,००० रुपयांना आहे, आणि तेच सॉफ्टवेअर वर्षाच्या करारावर महिना १,८०० रुपयांना. ४५,००० भागिले १,८०० म्हणजे २५ महिने. रोज लागणारं सॉफ्टवेअर दोन वर्षांपेक्षा जास्त वापरणार असाल, तर खरेदी स्वस्त. चार वर्षं धरली तर भाडं ८६,४०० होतं, जवळजवळ दुप्पट. पण तेच सॉफ्टवेअर वर्षातले पाचच महिने लागत असेल तर गणित उलटतं. सुट्या महिन्याचा दर नेहमी जास्त असतो, ३,००० धरा. पाच महिन्यांचे १५,०००, म्हणजे खरेदीची किंमत वसूल व्हायला तीन वर्षं लागतील. तोवर नवं व्हर्जन घ्यायची वेळ आलेली असेल.

या गणितात दोन चुका सर्रास होतात. पहिली, सबस्क्रिप्शनचा पहिल्या वर्षाचा सवलतीचा भाव पुढेही तोच राहील असं धरणं. नूतनीकरणाचा मूळ दर शोधून तोच हिशोबात घ्या. दुसरी, कायमच्या परवान्यात पुढचं व्हर्जन सवलतीत मिळेल असं गृहीत धरणं. एकरकमी परवाना बहुधा त्याच व्हर्जनपुरता असतो. पुढचं व्हर्जन पूर्ण किमतीला घ्यावं लागेल, असंच धरून चाला. कोरल ड्रॉ दोन्ही प्रकारे विकलं जातं, पण काही सोयी फक्त सबस्क्रिप्शनवाल्यांना मिळतात. त्या यादीत तुमच्या रोजच्या वापरातलं काही आहे का, हे बिल करण्याआधी वाचा. पत्रिका, टॅग, फ्लेक्स यांना लागणारी साधनं जुनीच आहेत. त्यासाठी दरवर्षी नवं व्हर्जन लागत नाही.

पैशाआधी भाषेची चाचणी करा, हे मी सोलापूरसाठी मुद्दाम सांगतो. एकाच आठवड्यात तुमच्याकडे मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू पत्रिका येऊ शकते. कोरलची ट्रायल पंधरा दिवसांची, अ‍ॅडोबीची सात दिवसांची. ते दिवस टेम्प्लेट बघण्यात घालवू नका. युनिकोड फॉन्टमध्ये हे शब्द टाइप करा: ‘क्षितिज’, ‘कार्तिकी’, ‘तऱ्हा’, ‘उद्धव’, ‘श्रीसिद्धेश्वर’, ‘वाङ्मय’, ‘कर्त्री’. रफार योग्य अक्षरावर बसतो का, पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी येते का, जोडाक्षर पाय मोडून सुटं होतं का, ते पाहा. तेलुगूत ‘श्री’ आणि कन्नडमध्ये खाली लागणारी ओत्तक्षरं तपासा. मग तोच मजकूर पीडीएफ करून दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा. पडद्यावर नीट आणि पीडीएफमध्ये बिघडलेलं, असंही होतं.

बिघाडाचं कारण साधं आहे. देवनागरीत अक्षरं टाइप केलेल्या क्रमाने दिसत नाहीत. फॉन्टमधले नियम वाचून त्यांची मांडणी करणारं इंजिन सॉफ्टवेअरमध्ये असावं लागतं. इनडिझाइनमध्ये त्यासाठी वर्ल्ड-रेडी कंपोजर निवडावा लागतो. फोटोशॉपच्या काही व्हर्जनमध्ये टाइपच्या प्रेफरन्समध्ये तसाच पर्याय असतो. तो न निवडता ‘यात मराठी येत नाही’ म्हणून लोक सॉफ्टवेअर परत करतात. इंकस्केप आणि गिम्प या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये मांडणीचं हे इंजिन मुळातच असल्याने जोडाक्षरं व्यवस्थित येतात. अफिनिटी ऑक्टोबर २०२५पासून कॅन्व्हाच्या खात्यावर फुकट मिळतं आणि सीएमवायकेच्या, म्हणजे छपाईच्या चार रंगांच्या, कामाला चांगलं आहे, पण ते घेताना ही भाषेची चाचणी अजिबात सोडू नका. उर्दूच्या नस्तालिक लिपीशैलीसाठी इनपेज हे सॉफ्टवेअरच वापरत असाल, तर तो खर्च वेगळा मांडा. कोरल बदलल्याने तो वाचत नाही.

श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधल्या फाईली हा आणखी एक गुंता. त्यात अक्षरं युनिकोडच्या जागांवर नसतात, त्यामुळे फॉन्ट नसेल तर मजकुराऐवजी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. नवं सॉफ्टवेअर घेतलं तरी जुने फॉन्ट आणि त्यांची डोंगल (परवान्याची यूएसबी किल्ली) जपावीच लागते. पोस्टस्क्रिप्ट टाइप १ प्रकारचे फॉन्ट असतील तर त्याहून अवघड, कारण फोटोशॉपने त्यांचा आधार २०२१मध्ये काढला आणि अ‍ॅडोबीच्या बाकी प्रोग्रॅमनी जानेवारी २०२३मध्ये. सबस्क्रिप्शनवर आज सॉफ्टवेअर घेतलं तर जुन्या फाईलीत ते फॉन्ट ‘सापडत नाही’ असंच येईल. दहा-पंधरा वर्षांच्या जुन्या पत्रिकांचा साठा असेल तर हा मुद्दा भावापेक्षा मोठा आहे.

दुसरी चाचणी प्रेसची. तुमची फाईल शेवटी जाते फ्लेक्सच्या मशीनवर किंवा ऑफसेटच्या प्लेटवर. तिथे अजून जुनं कोरल असेल, तर नव्या व्हर्जनची सीडीआर फाईल त्यांच्याकडे उघडणार नाही. ट्रायलमध्ये ‘सेव्ह अ‍ॅज’च्या खिडकीत व्हर्जनची यादी उघडा आणि प्रेसचं व्हर्जन त्यात आहे का बघा. असलं तरी पारदर्शकता, शॅडो, मेश फिल असलेलं एक जड डिझाइन मागच्या व्हर्जनमध्ये सेव्ह करून प्रेसमध्ये प्रत्यक्ष उघडून पाहा. मागे जाताना हेच इफेक्ट तुटतात. माझा आग्रह सीडीआर द्यायचीच नाही असा असतो. टेक्स्ट कर्व्ह करून (अक्षरांचे आकार बनवून), फोटो सीएमवायकेमध्ये घेऊन, पीडीएफ/एक्स ही छपाईची पीडीएफ बनवून द्या, आणि कर्व्ह न केलेली मूळ फाईल आपल्याकडे वेगळी ठेवा. प्रेस पीडीएफ स्वीकारत असेल, तर कुठलं सॉफ्टवेअर घेता याला एकदम मोकळीक मिळते. इंकस्केपसारखं फुकट सॉफ्टवेअरही तेव्हाच विचारात येतं, पण त्याचं रंगांचं काम आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत, चालतं. छपाईसाठी पुढे स्क्रायबस या फुकटच्या सॉफ्टवेअरमधून सीएमवायके पीडीएफ काढावी लागते. फ्लेक्सला आरजीबी चालून जातं, पत्रिकेला नाही. चार रंगांच्या पत्रिकेत निव्वळ काळ्या अक्षरांचा काळा रंग चारही प्लेटवर विभागला गेला, तर बारीक मजकूर धूसर छापला जातो.

टॉवेलच्या टॅगमध्ये खरेदीदाराचा ठरलेला शेड असतो, बहुधा पँटोन या कंपनीच्या रंगयादीतला नंबर देऊन. नोव्हेंबर २०२२पासून अ‍ॅडोबीच्या प्रोग्रॅममधून बहुतेक पँटोन लायब्ररी काढल्या गेल्या, आणि ते स्पॉट रंग (वेगळ्या शाईने छापायचे रंग) असलेल्या फोटोशॉपच्या जुन्या पीएसडी फाईलींत त्या जागी काळा रंग येऊ लागला. त्यासाठी पँटोनचं वेगळं सबस्क्रिप्शन घ्यावं लागतं. भाड्याच्या सॉफ्टवेअरमधली एखादी सोय करार चालू असतानाही निघून जाऊ शकते, हे यावरून ध्यानात घ्या. उपाय: स्पॉट रंगाला नंबरचंच नाव देऊन त्याचे लॅब (L, a, b) हे रंगाचे आकडे फाईलसोबतच्या टिपणात लिहून ठेवा, आणि मंजुरी कायम छापील शेडकार्डवर घ्या. कापडासाठी पँटोनच्या टीसीएक्स यादीचे नंबर आणि कागदी टॅगचे नंबर वेगळे असतात. कारखान्याने टीसीएक्स दिला तर कागदावरचा जवळचा शेड त्यांच्याकडूनच ठरवून घ्या.

सबस्क्रिप्शनमध्ये बिघाड कुठे होतो, ते आता सांगतो. सगळ्यात जास्त गोंधळ पैसे कापण्याचा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दर महिन्याच्या आपोआप कपातीसाठी कार्डावर ई-मँडेट, म्हणजे कपातीची आगाऊ परवानगी, नोंदवावं लागतं, कपातीच्या किमान २४ तास आधी सूचना येते, आणि रक्कम १५,०००च्या वर असेल तर दर वेळी ओटीपी लागतो. वर्षाची रक्कम एकदम भरली असेल तर नूतनीकरण ओटीपीवर अडकू शकतं. कार्ड बदललं की मँडेटही नव्याने द्यावं लागू शकतं. हे ऐन गड्डा यात्रेच्या किंवा आषाढीच्या बॅनरच्या गर्दीत घडू नये, म्हणून वार्षिक कराराची तारीख शांत महिन्यात पाडून घ्या.

दुसरं, ‘वार्षिक, पण महिन्याला हप्ता’ हा करार. महिन्याला पैसे जातात म्हणून तो मासिक वाटतो. अ‍ॅडोबीच्या या करारात पहिल्या चौदा दिवसांत रद्द केलं तर पूर्ण पैसे परत मिळतात. त्यानंतर उरलेल्या महिन्यांच्या निम्मी रक्कम भरावी लागते. १,८००चा हप्ता धरून चार महिन्यांनी थांबलात, तर आठ महिन्यांचे १४,४०० उरतात आणि ७,२०० द्यावे लागतील. लग्नसराईपुरतं हवं असेल तर महाग दिसणारा खरा मासिक करारच स्वस्त पडतो.

तिसरं, इंटरनेट. सॉफ्टवेअर तुमच्या कॉम्प्युटरवरच चालतं, पण अधूनमधून परवाना तपासतं. अ‍ॅडोबीच्या वार्षिक करारात ९९ दिवस आणि मासिकमध्ये ३० दिवसांपर्यंत ऑफलाइन चालतं, त्यामुळे दोन दिवस नेट गेलं म्हणून काम अडत नाही. एक खातं दोन कॉम्प्युटरवर घालता येतं, मात्र एका वेळी एकावरच वापरता येतं. तुम्ही आणि ऑपरेटर एकाच वेळी फोटोशॉपवर बसणार असाल तर दोन परवाने लागतील. तुमच्या प्रश्नात हा खर्च धरलेला दिसला नाही.

कायमच्या परवान्याचे त्रास वेगळ्या प्रकारचे. परवाना तुमचा असतो, पण त्याच्या खालचा कॉम्प्युटर म्हातारा होतो. विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११वर जुनं व्हर्जन नीट चालतं का हे विकत घेण्याआधी पाहा. मॅकवर २०१९च्या कॅटालिनापासून ३२ बिट प्रोग्रॅम बंद झाले आणि पैसे देऊन घेतलेली कितीतरी जुनी सॉफ्टवेअरं एका अपडेटमध्ये निकामी झाली. अ‍ॅक्टिव्हेशनचा सर्व्हरही कंपनीच्या हातात असतो. सीएस२चा सर्व्हर अ‍ॅडोबीने बंद केला तेव्हा जुन्या ग्राहकांसाठी अ‍ॅक्टिव्हेशन न लागणारी प्रत दिली, पण प्रत्येक कंपनी तसं करेलच असं नाही. म्हणून इन्स्टॉलरची फाईल, सीरियल नंबर आणि बिल पेन ड्राइव्हवर आणि ईमेलमध्ये, अशा दोन ठिकाणी ठेवा. फॉरमॅट मारण्याआधी सॉफ्टवेअरमधून डी-अ‍ॅक्टिव्हेट करा; हार्ड डिस्क उडाल्यावर ते करता येत नाही आणि अ‍ॅक्टिव्हेशनची एक जागा वाया जाते. डोंगलवरचं सॉफ्टवेअर असेल, तर डोंगल हरवणं म्हणजे परवाना हरवणं. ती सीपीयूच्या मागच्या पोर्टमध्ये लावा, पुढे लावलेली धक्क्याने मोडते. पुढे कधी चादरीच्या जकार्ड डिझाइनकडे वळलात, तर तिथल्या सॉफ्टवेअरलाही हीच काळजी लागू.

कराचं थोडक्यात. सॉफ्टवेअरवर १८ टक्के जीएसटी आहे. खातं उघडतानाच तुमचा जीएसटी क्रमांक टाका, नाहीतर बिल वैयक्तिक नावाने येतं आणि कराची वजावट जाते. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर ही वजावट मिळतच नाही, तेव्हा हिशोब करासह करा. सबस्क्रिप्शनचा खर्च त्याच वर्षी पूर्ण धरता येतो. कायमच्या परवान्यावर कॉम्प्युटरप्रमाणे ४० टक्के घसारा मिळतो, आणि वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्मा. म्हणजे खरेदी ३ ऑक्टोबरच्या आत केली तर ४५,०००वर पहिल्या वर्षी १८,०००, नंतर केली तर ९,०००. अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत विवरण भरत असाल तर दोन्हीत फरक पडत नाही.

या सगळ्यावरून तुमच्यासाठी माझा सल्ला असा. तुमच्या मशीनवर कोरल, एकरकमी. पत्रिका, टॅग आणि लेबलचा सगळा साठा त्यात आहे आणि तो कधीही उघडला पाहिजे. भाषेची आणि प्रेसची चाचणी आधी, पैसे नंतर. ऑपरेटरच्या मशीनवर दुसरा कोरल परवाना लगेच घेऊ नका. आधी महिनाभर मोजा, दोघांना एकाच वेळी कोरल किती तास लागतं. त्याच्याकडे मुख्यतः अल्बम आणि फोटोची सफाई असेल, तर तिथे फोटोशॉप सरळ मासिक करारावर, फक्त लग्नसराईत. बाकी महिन्यांत किरकोळ फोटोकामाला गिम्प पुरेल. सगळ्या अ‍ॅडोबी प्रोग्रॅमचं मोठं पॅकेज तुमच्या कामाला लागत नाही. व्हिडिओसाठी डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती घ्या. यूएचडी (४के) पर्यंतचं काम तिच्यात होतं. पुढे गरज पडली तर स्टुडिओ आवृत्ती २९५ डॉलरला एकदाच मिळते, दोन कॉम्प्युटरवर चालते, आणि आजवर पुढची व्हर्जनही त्याच परवान्यावर मिळत आली आहेत. व्हिडिओतलं मराठी टायटल बिघडलं तर ते कोरलमध्ये करून पारदर्शक पीएनजी म्हणून आत घ्या.

लग्नसराई संपून फोटोशॉप बंद करण्याआधीचा आठवडा यासाठी राखा: प्रत्येक चालू कामाची लेयरसह पीएसडी, सोबत अंतिम टिफ किंवा पीडीएफ, आणि क्लाउडवरच्या सगळ्या फाईली हार्ड डिस्कवर. अ‍ॅडोबी फॉन्ट वापरले असतील तर ते करार संपताच बंद होतात, म्हणून तेवढा मजकूर शेपमध्ये बदललेली एक प्रत वेगळी काढा. इलस्ट्रेटरची फाईल असेल तर सेव्ह करताना पीडीएफ कम्पॅटिबल हा पर्याय चालू ठेवा. मग ती दुसरीकडेही उघडते. इनडिझाइनची आयडीएमएल, म्हणजे इतर व्हर्जनमध्ये उघडणारी प्रत, काढा. लाइटरूम क्लासिकचं कॅटलॉग करार संपल्यावरही उघडतं, फोटो बाहेरही काढता येतात, फक्त डेव्हलपचं काम थांबतं. हे सगळं झालं की पीएसडी गिम्पमध्ये किंवा अफिनिटीत एकदा उघडून लेयर शाबूत आहेत का ते पाहा, आणि मगच करार रद्द करा.